मासे तळणे हे काम आहे काय?

ओहायो,
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय रीजस,

तुझं खाण-संशोधन केंद्र बंद झाल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. त्यानंतर तू घरीच असतोस हे आईकडून कळलं, आणि घरी राहून तू काहीही करत नाहीस हे तुझ्या बायकोकडून, बर्नाडेटकडून, कळलं. तुझ्याकडून नाताळात एक कार्ड आलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सगळं ठीक.' सरकारी खाणीत मुद्दाम स्फोट घडवून, कोळशाची धूळ कशी पेटते आणि काय पसरलं की विझते याच्या नोंदी ठेवण्यात तुझं अर्धं आयुष्य गेलं. त्यांतल्या एकाही नोंदीत तू 'सगळं ठीक' असं लिहून सही केली नसशील.

आईने, म्हणजे तुझ्या लाडक्या हेलन मावशीने, तुला फोनवर विचारलं म्हणे, "बेकारभत्त्याचा अर्ज टाकलास का रे?" तर तू म्हणालास, "मावशी, तो नोकरी गेलेल्यांसाठी असतो." तिने विचारलं, "आणि तुझी काय झाली?" तू म्हणालास, "केंद्र बंद झालंय. मी आहे तिथेच आहे."

रीजस, घट फुटला तरी घटातलं आकाश फुटत नाही असं म्हणणाऱ्या लोकांच्या संगतीत मी तीस वर्षं काढली. मोठी माणसं होती. पण त्यांच्यापैकी कोणावर घराचं कर्ज नव्हतं.

मी पाद्री व्हायला म्हणून घरातून निघालो आणि लॅटिनच्या वर्गातून वाट चुकून संस्कृतच्या वर्गात जाऊन बसलो, तेव्हापासून तू मला मेलेल्या भाषेचा राखणदार म्हणतोस. राखणदाराला मेलेल्या गोष्टी ओळखता येतात, एवढं मान्य कर. तुझी नोकरी गेली आहे. ती परत बोलावणार नाही. कचेरीत जा.

आता खरी गोष्ट. बर्नाडेटच्या भावाने, म्हणजे रे याने, अ‍ॅरिझोनाहून पुन्हा फोन केला होता. दुकानात जागा आहे, एप्रिल संपेपर्यंत सांगा, म्हणाला. पोहण्याचे तलाव विकायचं दुकान. जन्मभर जमिनीखाली काम केलेला माणूस वाळवंटात उभा राहून लोकांना खड्डे विकणार. तुला जायचं नाही, बर्नाडेटला जायचं नाही, आणि आई तर तुम्हाला जाऊ देणारच नाही. पण भत्ता सुरू झाला नाही तर एप्रिलच्या पुढे तुम्ही तिथे राहू शकत नाही. हे बर्नाडेटने मला अजिबात न रडता सांगितलं, म्हणून मी घाबरलो.

तू म्हणशील, तुझे वडील गिरणी बंद पडली तेव्हाही कचेरीची पायरी चढले नाहीत. दर नाताळात ही गोष्ट ऐकतो. ते गेले होते. आईने पाहिलंय. टोपी डोळ्यांवर ओढून गेले होते. तुझ्याकडेही टोपी आहे.

तुझा,
सिरिल


पिट्सबर्ग,
२० फेब्रुवारी

प्रिय सिरिल,

गेलो होतो. टोपी घातली नव्हती. रांगेत पुढे आमच्याच केंद्रातला विजेचं काम बघणारा माणूस होता, मागे आमचाच हिशेबनीस. आम्ही तिघं एकमेकांना ओळखत नसल्यासारखे उभे होतो. मग हिशेबनीस म्हणाला, "कँटीनची रांगही अशीच असायची," आणि जरा बरं वाटलं.

खिडकीत एक मिसेस गेन्स म्हणून बाई होत्या. चष्मा गळ्यात, समोर कॉफी थंड झालेली. आमचं बोलणं असं झालं:

"काय काम करायचात?"

"स्फोट घडवायचो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठे?"

"खाणीत. सरकारी."

"चुकून?"

"नाही बाई. चुकून होऊ नयेत म्हणून मुद्दाम."

त्यांनी जाड पुस्तक उघडून पाहिलं. "'फटाके व दारूगोळा' लिहू की 'प्रयोगशाळा मदतनीस'?"

मी म्हटलं, दोन्ही खोटं आहे.

"होल्को साहेब," त्या म्हणाल्या, "रांग दाराबाहेर गेलीय. तुम्ही जरा कमी खरे वागलात तर मला जेवायला जाता येईल."

शेवटी 'इतर' लिहिलं. मग त्यांनी कम्प्युटरमध्ये नाव घातलं आणि पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "यात तुम्ही कधीच कुठे काम केलेलं नाही." केंद्र सरकारच्या नोकरांचा पगार राज्याच्या दप्तरात नसतो, म्हणून असं दिसतं, केंद्र सरकारचे वेगळे कागद आणून द्या, मग दुरुस्त होईल. दिले. होईल म्हणे.

तुला एक विचारायचंय. तुझ्या त्या जुन्या लोकांनी कधी बेकारभत्ता मागितला होता का? की सगळे झाडाखाली बसून फळं खायचे?

उद्यापासून ईस्टरपर्यंतचे उपास, कपाळाला राख लावायची. दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून या शुक्रवारपासून तळघरात मासे तळून चर्चसाठी विकायचे. इतकी वर्षं मी केंद्रातून सुटल्यावर धावतपळत जाऊन तळणीवर उभा राहायचो आणि निम्मी गर्दी उलटून गेलेली असायची. यंदा सकाळपासून जाता येईल. मावशी म्हणाली, "बरं झालं नोकरी गेली." तिच्या डोळ्यांत खरंच आनंद होता.

रीजस


ओहायो,
३ मार्च

प्रिय रीजस,

जे दिसलं ते मुळात नव्हतंच, हे सिद्ध करायला आमच्या अद्वैतवाद्यांना कित्येक शतकं वाद घालावा लागला. तुमच्या मिसेस गेन्सनी ते एक कळ दाबून केलं. त्यांना माझा नमस्कार सांग. इथे माझ्या हाताखाली दोन विद्यार्थी आहेत, दोघांना मिळून एवढी समज नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मागायचे. राजाच्या दारी जाऊन त्याला समुद्राची, सूर्याची, हत्तीची उपमा द्यायचे आणि गाई घेऊन परत यायचे. तुला कोणालाही हत्ती म्हणावं लागलेलं नाही. काळ सुधारला आहे.

आता नीट ऐक. अर्ज मंजूर झाला की दर पंधरवड्याला एक कार्ड येईल. ते भरून टपालात टाकायचं, तरच पैसे. माझा सहकारी मागच्या वर्षी यातून गेला, त्याच्याकडून विचारून घेतलंय. प्रश्न तीनच असतात. या काळात काम केलंत का? रोज कामाला उपलब्ध होतात का? आलेलं काम नाकारलंत का? उत्तरं अनुक्रमे अशी: नाही, हो, नाही. भाष्य नको, टीका नको, टीकेवरची टीका तर नकोच. मी तुला ओळखतो. लहानपणी आईने विचारलं, "बरणीतला गूळकेक कोणी खाल्ला?" तेव्हा तू नुसतं "मी" म्हणाला नव्हतास. किती, कोणत्या बाजूने आणि सिरिलने कोणत्या बाजूने, हेही सांगितलं होतंस.

बर्नाडेटला सांग, रेला इतक्यात काही कळवू नको.

सिरिल


पिट्सबर्ग,
१७ मार्च

प्रिय सिरिल,

अर्ज मंजूर झाला होता. पहिलं कार्ड पाठवलं. सध्या पैसे जरा अडकलेत. तू म्हणालास तसंच लिहिलं, फक्त थोडं नेमकं लिहिलं.

बाकी ठीक. फादर ग्रेगरना यंदा तळायला नवी माणसं तयार करायची आहेत, म्हणून मी शुक्रवारी बाजूला झालोय. तेल नीट तापत नाही नव्या पोरांचं. त्यांचं ते शिकतील.

नोकरीसाठी तीन ठिकाणी जाऊन आलो. एका बेकरीत, एका कुलपांच्या कारखान्यात आणि त्या नव्या मॉलमध्ये पहारेकरी म्हणून. मॉलवाल्याने विचारलं, "संकट आलं तर काय कराल?" मी म्हटलं, आधी हवा कुठून येतेय ते बघीन. त्याने लिहून घेतलं आणि थँक्यू म्हणाला.

अंगणात अजून बर्फ आहे.

रीजस


पिट्सबर्ग,
२३ मार्च

प्रिय सिरिल,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. पण त्याने तुला काय कळवलंय ते मी वाचलं, आणि त्यात बर्फ सोडला तर काही खरं नाही.

कार्डावर त्याने काय लिहिलं ते सांगते. काम केलंत का? हो. मालकाचं नाव? त्याने चर्चचं नाव लिहिलं. काम कोणतं? मासे तळणे. वेळ? सकाळपासून तळघर बंद होईपर्यंत, शुक्रवारी. मजुरी? एक ताट: मासा, लोण्यात परतलेल्या हलुश्कीच्या शेवया, कोबीची कोशिंबीर. रोज उपलब्ध होतात का? शुक्रवार सोडून. हे सगळं त्या एवढ्याशा कार्डावर, त्याच्या त्या मुंगीसारख्या अक्षरात. मला दाखवलं असतं तर मी ते चुलीत घातलं असतं, म्हणून दाखवलं नाही.

कचेरीचं उत्तर आलं: तुम्ही अपात्र आहात. आणि एक कागद थेट फादर ग्रेगरकडे गेला, मालक म्हणून सही करा, याला किती पगार देता ते लिहा. फादर बिचारे पांढरेफटक पडले. रीजस जर चर्चचा कामगार, तर पिएरोगीत बटाटा भरणाऱ्या सगळ्या बायका कामगार, कोबी चिरणाऱ्या कामगार, मग त्यांचा कर, त्यांचा विमा, मागच्या किती वर्षांचा देव जाणे. हेलन मावशी म्हणाली, "फादर, मला कामगार म्हणालात तर मी उद्यापासून पगार मागेन, आणि मग तुम्ही छप्पर विकाल." फादरनी रीजसला बोलावून सांगितलं, प्रकरण मिटेपर्यंत तळणीजवळ येऊ नकोस.

काल शुक्रवार होता. तो गेला. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला, बाहेर जिन्यापर्यंत रांग, सगळे ओळखीचे. पैसे देऊन ताट घेतलं, घरी आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "तेल थंड होतं." दोघांनी खाल्लं. तेल खरंच थंड होतं.

अपील करता येतं, मुदत आहे. पण तो म्हणतो, सरकारने लिहिलंय म्हणजे काहीतरी पाहूनच लिहिलं असेल. याच सरकारने त्याला काढलं. रे मागच्या रविवारी पुन्हा बोलला. मी म्हटलं, कळवते. तू काहीतरी कर. तो तुझं ऐकत नाही, पण तुझ्यावर चिडला की उठतो तरी.

बर्नाडेट


ओहायो,
२६ मार्च

प्रिय रीजस,

बर्फ वितळला का?

मला सगळं कळलं आहे, कोणाकडून ते विचारू नकोस, आणि तिला रागावूही नकोस. आधी अपिलाच्या कागदावर सही कर आणि तो टपालात टाक. मग हे पुढचं वाच. टाकलास? खोटं बोलू नकोस, ते तुला जमत नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

आता शास्त्रार्थ. विषय: मासे तळणे हे काम आहे काय?

पूर्वपक्ष म्हणतो, आहे, कारण घाम येतो. त्यावर आमचं म्हणणं असं की घाम प्रवचन ऐकतानाही येतो. पूर्वपक्ष म्हणतो, आहे, कारण ते न केल्यास लोक उपाशी राहतात. त्यावर आमचं म्हणणं असं की आमच्या आईच्या राज्यात ते शक्य नाही. पूर्वपक्ष म्हणतो, आहे, कारण त्याचं फळ मिळतं. इथे मात्र मी अडलो. फळाची इच्छा न धरता केलेलं कर्म माणसाला बांधत नाही, असा एक फार मोठा सिद्धान्त माझ्याजवळ तुझ्यासाठी तयार होता. तू फळाच्या रकान्यात कोशिंबिरीसकट ताट लिहून ठेवलंस. मोक्षाच्या दारात उभं राहून हलुश्की मोजणारा मी पाहिलेला तू पहिला साधक.

सुनावणीला मी येतो. सोबत कोणालाही नेता येतं, वकीलच हवा असं नाही, मी चौकशी केली. माझे दोन्ही विद्यार्थी त्या दिवशी सुट्टी मिळाल्याबद्दल तुझे आभारी आहेत.

एकच विनंती. तिथे जेवढं विचारतील तेवढंच सांग.

सिरिल


पिट्सबर्ग,
८ एप्रिल

प्रिय सिरिल,

सही केली. तुझं पत्र वाचायच्या आधीच केली होती, बर्नाडेट दाराशी उभी होती. तारीख आली आहे, सोळा एप्रिल. येणार असलास तर तो कोपरांना चामडं लावलेला कोट घालू नकोस.

एक गोष्ट तुला सांगून ठेवतो, नाहीतर तिथे ऐकशील आणि टेबलाखालून लाथ मारशील. गुड फ्रायडेला मी रांगेत उभा होतो. गर्दी फार, नव्या पोराने हात भाजून घेतलेला, तळणीवर कोणी नाही. मावशी एप्रनसकट वर आली, माझ्या कोटाची बाही धरली आणि खाली घेऊन गेली. फादर म्हणाले, "हेलन, आपलं काय ठरलं होतं?" मावशी म्हणाली, "तो काम करत नाहीये फादर. उभा आहे." फादर म्हणाले, "त्याच्या हातात तळणीची जाळी आहे." मावशी म्हणाली, "उभ्या माणसाने हात कुठेतरी ठेवायला नकोत?"

फादर वर जाऊन प्रार्थनेला बसले. संध्याकाळपर्यंत उतरले नाहीत.

अपील चालू असलं तरी कार्डं भरावीच लागतात, म्हणून मी पुढच्या कार्डावर हेही लिहिलं. ताट घेतलं नाही असंही लिहिलं.

ईस्टरच्या शुभेच्छा. तुझ्या वाटचं डुकराचं मांस मावशीने बर्फात ठेवलंय.

रीजस


ओहायो,
१८ एप्रिल

प्रिय बर्नाडेट,

तुला दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून सुनावणीसाठी सुट्टी मिळाली नाही, आणि तुझा नवरा घरी जाऊन "झालं" एवढंच म्हणाला असेल, अशी माझी खात्री आहे. म्हणून मी लिहितो.

खोली लहान, टेबल मोठं, मध्ये टेपरेकॉर्डर. अपील अधिकारी मिस्टर डिलहंट, माझ्याच वयाचे, सर्दी झालेले. एका बाजूला आम्ही दोघं, भिंतीशी फादर ग्रेगर माळ ओढत, आणि त्यांच्या शेजारी आई, जिला कोणीही बोलावलं नव्हतं.

डिलहंटनी मला विचारलं, "आपण वकील?"

"नाही, मी संस्कृत शिकवतो."

"बरं," ते म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते सहानुभूतीचं असावं.

मी सुरुवात केली. कर्म दोन प्रकारचं असतं, असं एक वाक्य बोललो. ते म्हणाले, "प्रोफेसर, ही टेप अर्ध्या तासाची आहे." मी बसलो. आठवडाभर केलेली तयारी, बर्नाडेट, आणि मी एका वाक्यात बसलो. आई मागून म्हणाली, "घरीही असंच करतो."

मग त्यांनी रीजसला विचारलं, "मासे तळणं हे काम आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

रीजस म्हणाला, "तुम्ही कधी तळलेत?"

"नाही."

"काम आहे."

मी टेबलाखालून लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली आणि टेपवरही आली असणार.

"तळल्याबद्दल तुम्हाला ताट मिळतं?"

रीजस उत्तर द्यायच्या आत आई उभी राहिली. "साहेब, ताट त्याला तळल्याबद्दल मिळत नाही, जेवायची वेळ झाली म्हणून मिळतं. तो नुसता आला असता तरी मिळालं असतं. तुम्ही आलात तर तुम्हालाही मिळेल."

"मला ते घेता येणार नाही बाई. मी अधिकारी आहे."

"मग पैसे देऊन घ्या. कोणी अडवलंय? आणि त्या सर्दीवर आमचं लसणाचं सूप घ्या."

डिलहंटनी रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडावर धरला. सर्दीला लागतो त्यापेक्षा जास्त.

इथपर्यंत आम्ही जिंकत होतो. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. म्हणाले, "मिस्टर होल्को, हे सगळं बाजूला ठेवू. कायद्याला एकच कळायला हवं. समजा शुक्रवारी तुम्ही तळत आहात आणि एखाद्या मालकाचा फोन आला, आत्ता या, काम आहे. तर तुम्ही तळणी सोडून गेला असतात का?"

खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. एका शब्दाचं होतं. फादरची माळ थांबली. मी मनात तो शब्द इतक्या जोराने म्हणत होतो की माझे ओठ हलले असतील. तुझा नवरा विचार करत बसला. खरोखर विचार करत बसला, बर्नाडेट, जसं काही तो प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणी विचारला होता आणि उत्तर त्यालाही ऐकायचं होतं.

मग म्हणाला, "लगेच नाही."

मला अ‍ॅरिझोना दिसू लागलं. निळे तलाव, आणि काठावर तुम्ही दोघं.

"जाळी तेलात असताना नाही," तो म्हणाला. "ती वर येऊ दिली असती. मग आच कमी केली असती. मग कोण मोकळं आहे ते बघून, त्याला तेल किती तापलंय ते सांगून, त्याच्या हाती दिलं असतं. आणि मग गेलो असतो. तापल्या तेलापासून माणूस असाच उठून जात नाही."

"याला किती वेळ लागेल?"

"मासा जाड असला तर थोडा जास्त."

डिलहंट ते शब्द लिहून घेऊ लागले. सगळे, सावकाश. टेप बंद करून म्हणाले, निर्णय टपालाने येईल. कागद आवरता आवरता त्यांनी रीजसला विचारलं, अधिकारी म्हणून नाही, तसंच: "कार्डावर नुसतं 'नाही' लिहिलं असतंत तर आज इथे यावंच लागलं नसतं. का लिहिलंत?"

रीजसने टोपी घातली आणि म्हणाला, "केलं होतं म्हणून."

सत्यवचनी माणसाशी संसार करणं किती कठीण, याचा अंदाज मला त्या दिवशी आला. रेला अजून काही कळवू नकोस. हा आठवडा थांब.

तुझा,
सिरिल


पिट्सबर्ग,
२८ एप्रिल

प्रिय सिरिल,

निर्णय काल आला. मी पात्र आहे. दिलेल्या साक्षीवरून अर्जदार कामाला उपलब्ध होता असं दिसतं, तळणी दुसऱ्याच्या हाती देण्यास लागणारा वेळ हा वाजवी वेळ आहे, असं लिहिलंय. चर्च मालक नाही, ताट मजुरी नाही. अडकलेले सगळे पैसे येतील. बर्नाडेटने कालच रेला फोन करून सांगितलं की आम्ही येत नाही. तो म्हणाला, हरकत नाही, पण बोलण्यावरून त्याला वाईट वाटलं. चांगला माणूस आहे. उन्हाळ्यात इकडे बोलावलंय.

मावशीने निर्णयाची नक्कल काढून तळघरात लावायची म्हणून मागितली. दिली नाही.

आता दुसरं सांगतो. तू बर्नाडेटला लिहिलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं. तू त्यात मला सत्यवचनी वगैरे म्हटलंयस, आणि लाथेपासून सगळं बरोबर लिहिलंयस, तेवढं एक सोडून. डिलहंटना मी म्हटलं 'केलं होतं म्हणून,' ते खरं आहे. पण तेवढंच असतं तर 'विनामूल्य मदत' असं लिहून भागलं असतं. मला तेवढं समजत नाही असं नाही. फेब्रुवारीपासून जिथे जाईन तिथे कागदावर तेच. काम करता का? नाही. मिसेस गेन्सच्या पडद्यावर तर मी कधीच काही केलेलं नव्हतं. मग ते कार्ड आलं, पहिलाच प्रश्न, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तळलेलं होतं, पाय सुजले होते, कपड्यांना वास होता. 'हो' लिहिलं तेव्हा इतकं बरं वाटलं की पुढचे सगळे रकाने भरत गेलो. सरकारी कागद होता. त्यावर 'हो' होतं आणि खाली माझी सही.

तर यात सत्य कमी आणि हौस जास्त होती. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

या वेळचं कार्ड परवा आलं. मासे संपले, चर्चचं तळघर झाडून झालं, कुठे काही नाही. काम केलंत का? 'नाही' लिहायला मला दोन दिवस लागले. बर्नाडेटला वाटलं पेन चालत नाही. तिने दुसरं आणून दिलं.

लिहिलं. टपालात टाकलं.

रीजस


ओहायो,
३ मे

प्रिय रीजस,

तुझं पत्र मी वर्गावर जायच्या आधी उघडलं ही चूक झाली. दोघांनाही एकेक पान पाठ करायला लावून मी तासभर खिडकीतून बाहेर बघत बसलो. त्यांना वाटलं मी ध्यान करतोय. एकाने तर माझ्याकडे बघून डोळे मिटले.

मी तुला सत्यवचनी म्हणालो ते मागे घेतो. इतकी वर्षं तुझी थट्टा करतोय, आणि थट्टेचा खरा विषय मला आत्ता सापडला. तू हौशी आहेस. फक्त तुझी हौस फार स्वस्त आहे, एका शब्दावर भागते. डिलहंटना हे कळलं असतं तर त्यांनी टेप संपल्यावरही तुला घरी सोडलं नसतं. मला कळायला तुझं पत्र लागलं, हे मी कोणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

बरं, आता एक काम आहे. आमच्या भूगर्भशास्त्र विभागात डॉ. मर्सर म्हणून बाई आहेत. जेवायच्या टेबलावर नेहमी तक्रार करतात की पोरं दगडांची नावं पाठ करतात, पण त्या दगडात माणसं उतरतात हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. परवा मी तुझी गोष्ट सांगत होतो, म्हणजे लाथेची, तर त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "धूळ पेटू नये म्हणून चुनखडीची पूड पसरतात ना, ते त्यांनी स्वतः करून पाहिलंय? त्यांना बोलवता येईल?" मी शब्द टाकला नाही. टाकला असता तर कबूल केलं असतं. मी फक्त पत्ता दिला. त्यांनी विचारलं, "ते कसे बोलतात?" मी म्हटलं, नेमकं, आणि फार थोडं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे उलटी माणसं पुष्कळ आहेत.

त्यांचं पत्र तुला येईलच. सकाळचे दोन तास आणि दुपारी मुलांचे प्रश्न. कॉलेज याचे पैसे देतं. फार नाहीत, आणि जेवढे देईल तेवढ्याचा हिशेब करून कचेरी त्या आठवड्याच्या भत्त्यातून कापेल, मी चौकशी केली. म्हणजे बर्नाडेटच्या हातात जवळजवळ काहीच जास्त येणार नाही. तिला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जाईल तो. कोट इस्त्री करते." तुला विचारायची तिला गरज वाटली नाही. मर्सरबाईंची एकच अट आहे: वर्गात काही पेटवायचं नाही.

आदल्या दिवशी येऊन माझ्याकडे राहा. जेवायला मी घालीन, ती मजुरी नव्हे, डिलहंटचा निर्णय माझ्या बाजूने आहे.

चौदा मे, मंगळवार. त्या पंधरवड्याचं कार्ड येईल त्यावर पहिला प्रश्न तोच असेल. मालकाचं नाव लिही, कामाचे तास लिही, मजुरी लिही. सगळे रकाने भर, तुझ्या त्या मुंगीसारख्या अक्षरात, आणि घाई करू नकोस.

तुझा,
सिरिल